आवाज उतरेपर्यंत

बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, पुन्हा खोकलं आणि अवेळी उठवलेल्या माणसासारखं कुरकुरत सुरू झालं. समोरच्या काचेवर दव गोठून पांढरा थर बसला होता. बाहेर उभी राहून भुंगी जुन्या फूटपट्टीने तो खरवडत होती आणि खरवडता खरवडता इंजिनाच्या सुरात सूर मिळवून गुणगुणत होती. जागी असेपर्यंत तिचं गुणगुणणं थांबत नसे, म्हणून घरात तिला भुंगी म्हणत. शाळेच्या हजेरीतलं नाव वेगळं होतं, पण त्या नावाने हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघायची.

“झाली ना सुरू? मग चल की, आई.”

“थांब जरा. तेल आखडलंय. थंडीत बरणीतला मध कसा होतो?”

“चमचा उलटा केला तरी पडत नाही.”

“इंजिनातलं तेलही तसंच होतं. सगळ्या सांध्यांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. आपण घाई केली तर लोखंडावर लोखंड घासणार.”

बाई शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, दिव्यांत स्पिरिट भरायचं, पहिला तास सुरू व्हायच्या आत टेबलांवर सगळं मांडून ठेवायचं, हे त्यांचं काम. शिकवायचं काम दुसऱ्यांचं, पण मुलं अडली की यांच्याकडे येत. भुंगी तर घरचीच. तिचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्यामुळे तिचे सगळे प्रश्न एकट्या आईच्या वाट्याला येत. बाईंचा एक नेम होता. मुलाला खोटं उत्तर द्यायचं नाही. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं, आणि मग दोघांनी मिळून शोधायचं.

गाडी जुनी होती. उन्हाळ्याच्या तोंडावर शहराच्या दुसऱ्या टोकाला एका विक्रेत्याकडून घेतलेली. घेताना सोबत आलेल्या मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं घालून सांगितलं होतं, “नव्या गाड्यांना असले लाड लागत नाहीत. सुरू करा नि सावकाश निघा. हिला मात्र थंडीत जरा उभी ठेवा. आधी चढ्या आवाजात भांडेल. मग आवाज आपोआप खाली उतरला की समजा, राणीसाहेब राजी.”

आज पहिलीच खरी थंडी. राणीसाहेब बराच वेळ भांडल्या. भुंगी आत येऊन मागच्या सीटवर बसली आणि हात मांडीखाली दाबून ऐकत राहिली. आणि मग, जिन्याची एक पायरी उतरावी तसा, आवाज खाली आला.

मागचं दुसरं दार उघडलं. थंड हवेचा झोत आला, पाठोपाठ एक जुनी कापडी पिशवी सीटवर ठेवली गेली, आणि तिच्यामागे गळ्याला मफलर नीट गुंडाळलेले एक म्हातारे गृहस्थ वाकून आत येऊ लागले. अर्धवट आत आल्यावर त्यांची नजर भुंगीवर पडली. मग बाईंच्या मानेवर. ते तसेच थांबले.

“माफ करा,” ते म्हणाले. “गाडी चुकली.”

तिसऱ्या मजल्यावरचे बाइंडरकाका होते ते. पुस्तकबांधणीचं दुकान होतं त्यांचं, हल्ली बंद असे. मायलेकींना या इमारतीत येऊन वर्षही झालं नव्हतं; काका जिन्यात भेटले की मान हलवत, त्यापलीकडे ओळख नव्हती. त्यांनी पिशवी उचलली, बाहेर निघाले आणि दार लावलं.

गाडी फाटकाबाहेरचा चढ चढून रस्त्याला लागली, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. मागचं ते दार बिजागरीवर किंचित बसलेलं होतं. लावताना थोडं उचलून ओढावं लागे, नाहीतर लागत नसे. ही खोड कळायला बाईंना दोन महिने गेले होते. काकांनी दार न बघता लावलं होतं, किंचित उचलून.

*

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी दाराला हात लावला नाही, नुसते शेजारी उभे राहिले. तिसऱ्या दिवशीही आले. बाईंनी काच खाली केली.

“कुठं सोडू का, काका?”

“नको, नको. असंच. पाय मोकळे करायला.”

पण पाय मोकळे करायला निघालेला माणूस पिशवी घेत नाही आणि इस्त्रीचा शर्ट घालत नाही. ते गाडीच्या बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून उभे राहिले. लांब, पेरांशी गाठी आलेली ती बोटं ऊब घेत हळूहळू उलगडत होती. भुंगी काचेतून डोकं काढून बघत होती.

“आजोबा, तुमच्या बोटांतपण तेल आखडलंय?”

“आखडलंय तर काय. आमच्या दुकानात सरसाचंही तेच असायचं.”

“सरस म्हणजे?”

“चिकटवायचा असतो तो. रात्री खापरीसारखा कडक होऊन बसतो. सकाळी गेलं की त्याला गरम करायचं. पण थेट आचेवर नाही बरं का. मोठ्या भांड्यात पाणी, पाण्यात छोटं भांडं, त्यात सरस. हळूहळू. उकळला की मेला. मग तो कागदाला धरत नाही, नुसता चिकटल्याचं सोंग करतो. महिन्याभरात पुस्तकाची पानं हातात.”

“आणि सरस गरम होईतोवर तुम्ही काय करायचात?”

“वाट बघायचो,” काका म्हणाले. त्यांनी तळवे उचलले, एकमेकांवर चोळले आणि ते जिन्याकडे निघाले.

त्या दिवशी वाटेत भुंगी इंजिनाचा आवाज ऐकत बसली होती. मग म्हणाली, “आई, मला कळलं. आजोबा गाडी सुरू झाली की नाही येत. आवाज खाली उतरला की खाली येतात.”

“योगायोग असेल.”

“उद्या बघ.”

बाईंनी बघितलं. आवाज चढा होता तोवर जिना रिकामा. आवाज उतरला, आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर मफलर दिसला. त्यांनी सहज वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतला पडदा एका बाजूने जरासा धरलेला होता. धरणारं कोणी दिसत नव्हतं.

*

“बाई, गाडी गरम करताय की आमचं घर?”

तळमजल्यावरचे औषधवाले दार उघडून उभे होते. गाडीचा धूर नेमका त्यांच्या स्वयंपाकघरात जाई. सुटीचा दिवस होता, बाई नुसत्या गाडी पुसायला खाली आल्या होत्या, तरी त्यांनी आठवड्याची तक्रार आजच वसूल केली.

“सॉरी हो. तोंड दुसरीकडे करून लावत जाईन.”

“ते बघा काय ते. नाही, मी आपलं हसून बोलतो. आमची ही हसत नाही.” ते पायऱ्या उतरून जवळ आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग आवाज कमी करून म्हणाले, “एक विचारू? कुठून घेतलीत?”

बाईंनी सांगितलं.

“हिच्या मागच्या सीटला टाके आहेत का? कडेला?”

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. टाके होते. मागच्या सीटची शिवण वीतभर उसवलेली होती आणि कुणीतरी ती जाड मेणाच्या दोऱ्याने, अगदी सारख्या अंतरावर, शिवून टाकली होती. घेतानाच बाईंना नवल वाटलं होतं. गाड्यांच्या सीट शिवणाऱ्याचं काम वाटत नव्हतं ते.

“काकांनीच घातलेत ते,” औषधवाले म्हणाले. “पिशवीतल्या दाभणाने सीट फाटली, मग त्याच दाभणाने शिवली. पुस्तकाला घालतात तसे टाके. मुलाची गाडी ही. रोज सकाळी खाली येऊन सुरू करायचा. त्याला हॉर्न वाजवलेला खपायचा नाही, लोक झोपलेले असतात म्हणायचा. गाडी गरम होऊन आवाज उतरला की काका समजायचे, निघायचं. बांधलेली पुस्तकं घसरू नयेत म्हणून मागं, पुस्तकांना धरून बसायचे. बापाला दुकानावर सोडायचं आणि पुढं ऑफिस. गेल्या थंडीत असाच गेला सकाळी. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या संपला. वय काय, तुमच्याएवढं.”

बाईंनी फडक्याची घडी घातली.

“गाडी तिकडेच राहिली. काकू म्हणाल्या, माझ्या डोळ्यांसमोर नको. तिकडून तिकडेच विकली, लांब. तेव्हा निळी होती. विकणाऱ्याने रंग बदलला असणार. रंग काय, बदलता येतो हो.” त्यांनी बॉनेटवर बोट आपटलं. “आवाज कसा बदलणार? उन्हाळाभर तुम्ही सुरू करून चटकन जायचात, कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्या दिवशी दात घासत होतो. आवाज ऐकला नि ब्रश तोंडातच राहिला.”

“आणि ही जागा?” बाईंनी विचारलं. “घरमालकांनी मला ही जागा दिली. रिकामीच आहे म्हणाले.”

“रिकामीच होती,” औषधवाले म्हणाले.

*

काकू दुपारी आल्या. दोन दिवसांनी. भुंगी खिडकीशी बसून चित्र रंगवत होती. काकू खुर्चीच्या कडेवर टेकल्या, जशा दुसऱ्याच्या घरी आजारी माणसाला भेटायला आलेल्या बायका टेकतात तशा. केस नीट विंचरलेले, बोलणं स्वच्छ, हसू ओळखीचं. चहा नको म्हणाल्या, मग घेतला.

“तुम्हाला कळलंच असेल,” त्या म्हणाल्या. “इथं भिंतींना नुसते कानच नाहीत, तोंडही आहे.”

“मला खरंच ठाऊक नव्हतं, काकू. ठाऊक असतं तर—”

“तुमचा काय दोष? गाडी ती गाडी. लोखंड.” त्यांनी कप खाली ठेवला. “मी यांच्यासाठी आलेय. गाडीचा आवाज आला की उठून बसतात. तो खाली आलाय असं वाटतं त्यांना. शर्ट, मफलर, पिशवी. मी किती सांगितलं. ऐकत नाहीत. खाली जातात, मग परत येतात, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. गाडी सुरू झाली नि गेली, तर कळणार नाही त्यांना. पण ती तशी उभी राहते ना… घरघरत… वाट बघितल्यासारखी…”

बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता.

“नाही उभी ठेवणार,” बाई म्हणाल्या. “उद्यापासून लगेच निघेन.”

“फार उपकार होतील.” काकू उठल्या. जाताना भुंगीच्या चित्राकडे पाहिलं. “छान आहे. हे कोण?”

“बाबा. बोटीवर.”

“कधी येणार?”

“अजून आहे वेळ,” भुंगी म्हणाली. “पण मला आधीच कळतं. त्यांच्या बॅगेचं एक चाक मोडलंय. रस्त्यावरूनच ऐकू येतं.”

काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ फिरत राहिला.

*

दिलेला शब्द पाळणं सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी किल्ली फिरवली आणि इंजिन ओरडत असतानाच गाडी काढली. फाटकाबाहेर रस्त्याला लागायचा चढ होता. चढाच्या मध्यावर गाडीने आचका दिला आणि बंद पडली. ब्रेक दाबेपर्यंत ती मागे सरकली. खालच्या बाजूच्या गल्लीतून दुधाची गाडी फाटकाकडे वळत होती. तिचा हॉर्न असा कानाशी वाजला की भुंगीने डोळेच मिटून घेतले. दुधवाला काच खाली करून म्हणाला, “ताई, मरायचंय तर एकट्यानं मरा, पोरगी कशाला?” त्याचं चुकलं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून बाई गाडी बाजारामागच्या भिंतीपाशी लावू लागल्या. तिथे कोणी राहत नव्हतं. सकाळी अंधुक उजेडात मायलेकी भराभर चालत तिथवर जात, नाकातून वाफा काढत. तिथे गाडी मनसोक्त ओरडे, मग शांत होई, मग निघत. थोडं लवकर उठावं लागे, एवढंच. औषधवाल्यांनी धूर थांबल्याबद्दल आभार मानले. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा नुसत्या हसल्या.

सगळं कसं सुतासारखं सरळ झालं होतं. तरी बाईंना चैन नव्हतं. त्या रिकाम्या जागेवर तेलाचा एक काळा डाग होता. रोज त्याच्यावरून न जाता त्या कडेने जात. का, ते त्यांनाच सांगता आलं नसतं.

एका सकाळी निम्म्या वाटेवर भुंगी थांबली. डबा घरी राहिला होता.

“तू इथं पावाच्या दुकानापाशी थांब, मी आणते,” म्हणून बाई परत फिरल्या. फाटकातून आत शिरल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

बाइंडरकाका त्या रिकाम्या जागेपाशी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, मफलर, पिशवी. जिथे गाडीचं मागचं दार आलं असतं, बरोबर तिथे. अंगणात कसलाही आवाज नव्हता. कुठेही गाडी सुरू नव्हती.

बिचारे, आता आवाजाशिवायही येऊ लागले. त्या हलक्या पावलांनी जवळ गेल्या, झोपेत चालणाऱ्याजवळ जावं तशा.

“काका,” त्या म्हणाल्या, “गाडी इथं नाहीये.”

“ठाऊक आहे मला,” काका म्हणाले. “बाजारामागं लावता तुम्ही. मी बघितलीय. त्या भिंतीवर वरून फांदी आलीय वाळलेली, जरा पुढं लावत जा. वारा सुटला तर पडेल.”

काकांचे डोळे शांत होते, थकलेले, आणि पूर्ण जागे.

“मग इथं, एवढ्या थंडीत…”

“ती उठवते.” त्यांनी वर बघितलं नाही, पण त्यांची मान किंचित त्या बाजूला झाली. “अजून उजाडलेलं नसतं. म्हणते, उठा, आला तो, खाली थांबलाय, किती वेळ ताटकळत ठेवाल पोराला. शर्ट काढून ठेवलेला असतो. मफलर स्वतः बांधते. नाही म्हणून बघितलं मी. मग तीच निघते खाली, अनवाणी. म्हणून येतो. थोडा वेळ उभा राहतो, वर जातो, सांगतो, गेला तो, घाईत होता. मग ती निजते. उठली की तिला काही आठवत नाही. दुपारी तर माझ्यापेक्षा शहाणी असते.”

“पण काकू मला म्हणाल्या, तुम्हालाच…”

“सगळ्यांना तेच सांगते. तिला तसंच वाटतं. मी शर्ट घालून खाली जाताना दिसतो ना तिला.” त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “सांगू दे. दोघांत एक शहाणा लागतोच घर चालवायला. ती आहे.”

फाटकावर कावळा येऊन बसला, उडून गेला.

“मी गाडी हलवली ते चुकलंच माझं.”

“नाही हो. तुम्ही तिचं ऐकलंत.” त्यांनी मफलर सारखा केला. “पण खरं सांगू का, गाडी होती तेव्हा बरं होतं. खाली यायला काहीतरी होतं. ती वरून बघायची, धूर दिसायचा, आवाज यायचा, तिचा जीव लवकर शांत व्हायचा. आता फार वेळ उभं राहावं लागतं. रिकाम्या जागेपाशी उभं राहणं जड जातं. पायांना नाही म्हणत मी.”

डबा घ्यायचा होता, भुंगी रस्त्यावर एकटी होती, पहिल्या तासाला नववीच्या मुलांसाठी दिवे मांडायचे होते. बाई तशाच उभ्या राहिल्या.

“उद्या गाडी इथं लावते,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही चला आमच्याबरोबर. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत. आमच्या वाटेवरच आहे. काकूंना गाडी गेलेली दिसेल, तुम्ही गेलेले दिसाल. तिथून सावकाश चालत परत या.”

काकांनी विचार केला. गणिताचं उत्तर ताडून बघावं तसा.

“दुकान बंद असतं.”

“किल्ली?”

“असते पिशवीत,” काका म्हणाले, जरासे लाजून. “सवयीने.”

*

दुसऱ्या दिवशी थंडी आणखी वाढली होती. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, कुरकुरलं, चढ्या आवाजात भांडू लागलं. औषधवाल्यांच्या घरातली खिडकी धाडकन लागली. भुंगी मागे, एका कडेला सरकून बसली होती. मधली जागा तिने हाताने साफ केली. बाईंनी तिला काल सगळं सांगितलं होतं, आठ वर्षांच्या मुलीला समजेल अशा शब्दांत, पण काही न लपवता. भुंगीने एकच प्रश्न विचारला होता, आजींना कधी सांगायचं. बाईंनी उत्तर दिलं होतं, मला ठाऊक नाही.

आता दोघीही ऐकत होत्या. भुंगी गुणगुणत नव्हती.

आवाज उतरला.

मागचं दार उघडलं. पिशवी आली, मागोमाग काका आले. त्यांनी दार किंचित उचलून ओढून घेतलं. बसताना त्यांचा हात सीटच्या कडेला गेला, टाक्यांवरून एकदा फिरला आणि तिथेच राहिला. बाईंनी वाकून वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काकू होत्या, आज पडदा पुरता बाजूला सारून. एक हात काचेवर टेकलेला. हात हलत नव्हता. मग पडदा पडला.

गाडी चढ चढली, कुरकुर न करता. रस्ता रिकामा होता, दिव्यांभोवती धुकं होतं. गाडीत आता ऊब आली होती, काचांच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. बाईंना हायसं वाटत होतं. एवढं साधं होतं तर हे. आधीच का सुचलं नाही?

“काल पुन्हा रात्रभर जागीच होती ती,” मागून काका म्हणाले.

“हो का?” बाई म्हणाल्या.

“तुझा स्वेटर उसवत बसली होती. बाही लांडी झालीय म्हणे. मी म्हटलं, अगं, तो आता वाढणार आहे का? तर ऐकत नाही.” काका हलकेच हसले. “तू जरा बोल तिच्याशी. माझं नाही, तुझं ऐकते ती.”

भुंगीने तोंड उघडलं. बाईंनी आरशात तिचे डोळे गाठले आणि मान हलवली, अगदी थोडीशी. आरशात काकाही दिसत होते. मागे टेकून बसलेले, डोळे अर्धे मिटलेले, पुस्तकांचा गठ्ठा घसरू नये म्हणून धरावा तसा एक हात मधल्या मोकळ्या जागेवर ठेवलेला. ऊन खात बसलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा सैल झाला होता. कालच्या अंगणातला जागा, थकलेला माणूस त्या चेहऱ्यात कुठेही नव्हता.

“कोपऱ्यावरच सोड,” ते म्हणाले. “वळून येत बसू नकोस. तुला उशीर होतो.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

कोपऱ्यावर गाडी थांबली. काका उतरले, दार उचलून लावलं, टपावर दोनदा थाप मारली. पलीकडे दुकानाचं शटर होतं, खालून गंज चढलेलं, फटीत वाळकी पानं अडकलेली. काका तिथपर्यंत गेले, पिशवी खाली ठेवली आणि गाडीकडे तोंड करून उभे राहिले. किल्ली काढली नाही. गाडी निघायची वाट बघत होते, रोज बघत असतील तशी. मग त्यांनी हात वर केला. तो हात जा म्हणत होता की थांब म्हणत होता, बाईंना कळेना.

बाईंनी गिअरवर हात ठेवला. ही गाडी मुलाला घेऊन इथून शेवटची निघाली होती त्या सकाळीही हा हात असाच वर झाला असणार. त्यानंतर ती इकडे परत आली नव्हती.

त्यांनी हात काढून घेतला.

“आई,” भुंगी म्हणाली, “पहिली घंटा होईल.”

“हो.”

“मग निघायचं नाही?”

“थांब जरा,” बाई म्हणाल्या. त्या समोरच बघत होत्या. “तेल अजून आखडलंय.”

भुंगीने ऐकलं. इंजिनाचा आवाज केव्हाच खाली उतरला होता, एका संथ सुरात चालला होता, आणि तो सूर तिच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. तिने एकदा आईच्या मानेकडे पाहिलं, एकदा शटरपाशी हात वर धरून उभ्या असलेल्या आजोबांकडे.

मग ती पुढे सरकली, काचेवरची वाफ बाहीने पुसली आणि काही न बोलता वाट बघू लागली.